वाचक विचारतात : मेपल स्ट्रीटवर आक्रमण केले कोणी?

मागील अंकात या सदरातून आम्ही वाचकांना एक विनंती केली होती. ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन मालिकेतील ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ हा भाग पाहून आपले मत, शंका किंवा तक्रार कळवावी, अशी ती विनंती होती. ४ मार्च १९६० रोजी सीबीएस वाहिनीने प्रथम दाखवलेला हा भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा आणि कृष्णधवल असूनही पत्रांचा गठ्ठा अपेक्षेपेक्षा जाड निघाला.

ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथा अशी आहे. एका शांत वस्तीवरून संध्याकाळी काहीतरी तेजस्वी गर्जना करीत जाते. ती उल्का असावी असे म्हणून लोक कामाला लागतात, तोच वीज, दूरध्वनी, रेडिओ आणि मोटारी असे सारेच बंद पडते. शेजारच्या रस्त्यावर काय स्थिती आहे हे पाहायला एक गृहस्थ हातोडा घेऊन निघून जातात. टॉमी नावाचा एक मुलगा गोष्टींत वाचलेले सांगतो, की परग्रहवासी आक्रमणापूर्वी माणसांसारखे दिसणारे एक कुटुंब पुढे पाठवतात. मोठी माणसे त्याला हसतात; पण एकाची मोटार आपोआप सुरू होताच तेच हसणारे त्याच्या दारात जमतात. रात्री अंधारातून येणाऱ्या आकृतीवर कोणीतरी गोळी झाडतो आणि मेलेला माणूस हातोडा घेऊन गेलेला शेजारीच निघतो. पुढे दगडफेक आणि हाणामारी होते. दूर टेकडीवर बसलेले दोन परग्रहवासी हे सारे पाहत असतात आणि त्यांनी फक्त यंत्रे चालू-बंद केलेली असतात.

प्रश्न : मी वीज खात्यातून निवृत्त झालो आहे. गल्लीतील एकाच घरात वीज येणे, एकाचीच मोटार सुरू होणे हे मला पटले नाही. असे काही शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण तिचे दोन भाग करावे लागतील. मोठ्या प्रदेशाची वीज आकाशातील कारणाने जाऊ शकते. १३ मार्च १९८९ रोजी सौर वादळामुळे कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली होती आणि साठ लाख लोक अंधारात होते. अशा वादळात जमिनीतून आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांतून नको असलेला प्रवाह वाहू लागतो व संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते. अणुस्फोटानेही असा परिणाम साधतो. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर केलेल्या चाचणीनंतर साधारण चौदाशे किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवरील रस्त्यांचे काही दिवे गेले. हा भाग त्याच्या दोन वर्षे आधीचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मोटारीचे मात्र जमत नाही. १९६० मधील मोटारीत बॅटरी, कॉइल आणि यांत्रिक पॉइंट यांपलीकडे फारसे काही नसे; इलेक्ट्रॉनिक सुटे भागच नाहीत, तर बाहेरून बंद काय करणार? आणि ती आपोआप सुरू होणे तर निव्वळ जादू आहे.

एका घरातील उजेडाबद्दल मात्र आपणच अधिक सांगू शकाल. डीपीवरील एक फ्यूज उडाला की तीनांपैकी एकच फेज जातो, मग काही घरे अंधारात राहतात आणि त्यांना लागूनच असलेल्या घरात पंखा फिरत असतो. आपल्याकडे अशा वेळी लोक ‘आमचा फेज गेला’ म्हणतात आणि शेजाऱ्याकडे संशयाने नव्हे, फार तर थोड्या हेव्याने पाहतात. मेपल स्ट्रीटवर आपल्यासारखे एक निवृत्त वायरमन असते, तर कथा पहिल्या दहा मिनिटांत आटोपली असती.

प्रश्न : शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतो हे मला अतिरंजित वाटले. २०१९ च्या महापुरात आमच्या भागात आठवडाभर वीज नव्हती, पाणी नव्हते, पेट्रोल मिळत नव्हते. तरी लोकांनी एकमेकांना घरात घेतले. ही कथा अमेरिकेची असेल, आपली नाही. (निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी)

उत्तर : बाई, आलेल्या पत्रांत आपले पत्र सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे लांबेल.

आपण सांगता ते खरे आहे आणि आपल्या कोल्हापूर शहराने ते डोळ्यांनी पाहिले आहे. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, तालीम मंडळांत चुली पेटल्या होत्या आणि पूरग्रस्त कोणत्या पेठेचा आहे हे कोणी विचारीत नव्हते. तरीही महापूर आणि मेपल स्ट्रीट यांची तुलना करताना एक फरक नजरेआड करून चालणार नाही. पुरात आपल्याला शत्रू दिसत होता, इतकेच नव्हे तर तो मोजताही येत होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीस फुटांवर आली की इशारा आणि त्रेचाळीस फुटांवर गेली की धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले, तेव्हा भेटणारा प्रत्येक माणूस नमस्काराऐवजी ‘किती फूट झालं?’ असे विचारीत होता. या प्रश्नाला उत्तर होते, ते सर्वांसाठी एकच होते आणि कोणाचे घर कधी सोडायचे हे त्यावरून ठरत होते. मेपल स्ट्रीटवर असा एकही आकडा नाही. रेडिओ बंद, दूरध्वनी बंद आणि चौकशीला गेलेला माणूस परतलेला नाही. त्या रिकाम्या जागेत एका मुलाने वाचलेली गोष्ट शिरते आणि दुसरी कोणतीच माहिती नसल्यामुळे तीच माहिती ठरते. महापुराच्या काळात एका रात्री धरणाविषयीची एक ध्वनिफीत माझ्याही फोनवर आली होती. ती ऐकून पाच मिनिटे माझे हातपाय गळाले होते हे मी लपवीत नाही. बंधाऱ्याची पातळी कळली तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता ‘आपली नाही’ या आपल्या शब्दांविषयी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरली होती. तिथे वीज होती, फोन चालू होते. किंबहुना फोन चालू होते म्हणूनच ते घडले. त्या पाच जणांचा दोष एवढाच होता की ते अनोळखी होते. मेपल स्ट्रीटवर संशयासाठी कारण म्हणून पुढे येते ते याहून मोठे नाही : एक गृहस्थ झोप येत नाही म्हणून रात्री अंगणात उभे राहून आकाश पाहतात आणि दुसऱ्याने तळघरात हौशी रेडिओ जुळवलेला आहे. रात्री दारात येऊन हाक मारणाऱ्या ‘हाकामारी’च्या अफवेला भिऊन संध्याकाळीच दारे लावून घेणारी पिढी अजून आपल्यात आहे. तिला ही कथा परदेशी वाटू नये, असे मला नम्रपणे वाटते.

प्रश्न : लेखकाला संशयी जमावावर टीका करायची होती, तर परग्रहवासीयांचा आडपडदा कशासाठी? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : कारण सरळ बोलण्याची सोय नव्हती. लेखक रॉड सर्लिंग यांनी या मालिकेच्या १५६ भागांपैकी ९२ भाग लिहिले. त्यापूर्वी, १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची मिसिसिपीत हत्या झाली, तेव्हा त्या घटनेवरून त्यांनी दूरचित्रवाणीसाठी एक नाटक लिहिले होते. दक्षिणेतील ग्राहक नाराज होतील या धास्तीने प्रायोजकांनी घटनास्थळापासून मृत व्यक्तीपर्यंत सर्व काही बदलायला लावले आणि १९५६ मध्ये जे दाखवले गेले त्यात मूळ विषय ओळखू येईना. परग्रहवासीयांच्या नाराजीची प्रायोजकांना भीती नव्हती. शिवाय शेजाऱ्यांत कम्युनिस्ट हेर शोधण्याचा अमेरिकेतील ज्वर तेव्हा पुरता उतरलेला नव्हता. त्यामुळे ‘आपल्यातच कोणीतरी त्यांचा आहे’ हे वाक्य १९६० च्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नसणार.

प्रश्न : ना लढाई, ना राक्षस. यानही खेळण्यातले वाटते. याला आक्रमण का म्हणायचे? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : यानाबाबत आपली नजर तीक्ष्ण आहे. ते १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटासाठी बनवलेले होते आणि इथे पुन्हा वापरले गेले. लढाई नाही ही तक्रार मात्र मान्य नाही. लढाई आहे, फक्त तिच्यात दोन्ही बाजूंनी एकाच गल्लीतील माणसे आहेत.

प्रश्न : परग्रहवासी खरेच येऊ शकतात का? आले तर पंचगंगा घाटावर उतरतील का? (इयत्ता नववीतील विद्यार्थी, गडहिंग्लज)

उत्तर : घाटावर उतरले तर पार्किंगचा प्रश्न त्यांनाही येईल. पण तुझा पहिला प्रश्न गंभीरपणे घेऊ. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ मध्ये सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर वेगाने जात आहे. त्याच वेगाने तेवढे अंतर कापायला साधारण पंचाहत्तर हजार वर्षे लागतील. एवढा प्रवास करून कोणी दिवे घालवायला येईल, हे अवघड आहे.

म्हणून शास्त्रज्ञ परग्रहवासीयांची याने शोधत बसत नाहीत, संदेश ऐकण्याचा प्रयत्न करतात. गंमत म्हणजे हा भाग दाखवला गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९६० मध्ये, फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीने दोन ताऱ्यांकडे कान लावून असा पहिला शोध सुरू केला. काहीच ऐकू आले नाही.

तुझ्या जिल्ह्याशी नाते असलेली एक गोष्टही सांगतो. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. ते व त्यांचे सहकारी यांच्या एका प्रयोगात २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने एकेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले आणि त्यांत जिवंत पेशी सापडल्या. त्या पृथ्वीवरूनच वर गेल्या की अंतराळातून खाली येत होत्या, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दुसरे उत्तर खरे असेल, तर पाहुणे फार पूर्वीच येऊन गेले आहेत आणि त्यांनी एकही दिवा घालवलेला नाही.

प्रश्न : शेवटचे टेकडीवरचे दृश्य नसते तर भाग अधिक परिणामकारक झाला असता का? मी हा भाग नववीच्या वर्गाला दाखवावा म्हणतो. (शिक्षक, कागल)

उत्तर : आलेल्या बहुतेक पत्रांत शेवटच्या दृश्याचे कौतुक आहे. माझे मत वेगळे आहे. परग्रहवासी खरोखर दाखवल्यामुळे जमावाचा संशय निम्मा खरा ठरतो. माणूस चुकीचा निवडला गेला, पण आक्रमण होते, टॉमीची गोष्टही पूर्ण खोटी नव्हती, असे म्हणायला वाव राहतो. जमावाला एवढी सवलत देण्याची गरज नव्हती. २००३ मध्ये याच कथेची नवी आवृत्ती निघाली, तीत परग्रहवासीयांच्या जागी लोकांच्या वागण्याची चाचणी घेणारे सैनिक आहेत. म्हणजे पाहणारा बदलला, पण टेकडी तशीच राहिली.

वर्गात दाखवताना म्हणून एक करून पाहावे. दगडफेक सुरू झाली की चित्र थांबवावे आणि वीज कशामुळे गेली असेल हे प्रत्येकाला वहीत लिहायला सांगावे. वह्या गोळा झाल्यावरच शेवटची दोन मिनिटे दाखवावीत. किती जणांनी कारणाऐवजी एखाद्या पात्राचे नाव लिहिले, ते आम्हाला अवश्य कळवा. पुढील अंकात जागा राखून ठेवतो.