जुळं देणाऱ्या मेंढीचा नर पैदाशीला ठेवला तर पुढे सगळा कळप जुळी देईल का?

तुमच्या दख्खनी कळपात एका मेंढीने यंदा जुळं दिलं आणि त्यातला नर ठेवायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. नर ठेवा, पण तेवढ्याने कळप बदलणार नाही.

मी पैदाशीच्या नोंदींचं काम करतो, त्यामुळे आधी हिशेब मांडतो. समजा तुमच्याकडे 100 वेतांमागे 110 कोकरं होतात. या मेंढीने दोन दिली, म्हणजे सरासरीपेक्षा 0.9 जास्त. पण किती कोकरं होणार यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 10 टक्केच असतो; बाकी मेंढीचं वय, चारा, फळतानाची तब्येत आणि योगायोग. म्हणजे तिच्या रक्तातलं खरं जास्तीचं धरायचं 0.09. त्यातलं निम्मं नराला, त्याचं निम्मं त्याच्या लेकींना. अशा 100 लेकी व्याल्या तर जेमतेम दोन कोकरं जास्त! तीच मेंढी ओळीने चार वेतांत जुळी देत असेल तर हा आकडा अडीच-पावणेतीनपट होतो. म्हणून एका वेतावर भाळू नका. कानाला बिल्ला मारा आणि वहीत व्यायल्याची तारीख, कोकरांची संख्या, तीन महिन्यांचं वजन लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नर निवडताना आपली नजर सगळ्यात टपोऱ्या कोकरावर जाते. ते बहुतेक वेळा एकटं जन्मलेलं असतं, आईचं सगळं दूध त्याला एकट्याला मिळालेलं. जुळ्यातला नर त्याच्या शेजारी बारका दिसतो आणि बाजारात जातो. जुळं हवं म्हणत म्हणत आपण नकळत एकट्यालाच निवडत राहतो, आणि हे मला फार खटकतं. जुळ्याची तुलना जुळ्याशी करा, तीही एकाच हंगामातल्या.

एक नर 25-30 मेंढ्यांना लागतो, म्हणून निवडीचा जोर नरावरच हवा. मात्र तो आई, बहिणी, लेकींवर फिरता कामा नये. दोनेक वर्षांनी बदला, नाहीतर कोकरं कमजोर निपजतात.

निवडीने जुळी हळूहळूच वाढतात, याला एक मोठा अपवाद आहे. सुंदरबनकडची गरोळ मेंढी अंगाने अगदी लहान, पण हमखास जुळी देणारी. तिच्यात फेकबी नावाचा एकच जनुक हे काम करतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो दख्खनी मेंढीत आणला आणि पुन्हा पुन्हा दख्खनीशीच संकर करून अंगकाठी मोठी राखली. तीच ‘नारी सुवर्णा’ नावाची मेंढी. जनुकातला नेमका बदल 2001 मध्ये सापडला, त्यामुळे आता रक्ताच्या नमुन्यावरून नर तपासता येतो. इथे पिढ्यान्पिढ्या वाट बघावी लागत नाही.

पण जुळं जगवायला आईला दूध लागतं. गाभणपणाच्या शेवटच्या महिना-दीड महिन्यात खुराक देणं जमणार असेल तरच या वाटेला जा. दिवसभर नुसत्या चराईवर असलेल्या कळपात दुसरं कोकरू बऱ्याचदा दगावतं.

असा नर घ्यायचा ठरवलात तर आधी चाचणीचा अहवाल मागा. त्याच्यात जनुकाच्या दोन प्रती असतील तर तुमच्या साध्या मेंढ्यांपासून झालेल्या प्रत्येक लेकीत एक प्रत येणार. एकच असेल तर साधारण निम्म्या लेकींत, आणि त्या कोणत्या हे पुन्हा रक्त तपासूनच कळेल.