वाचकांचे प्रश्न : मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी उठेना

प्रश्न : आमच्या ताफ्यातल्या बारा इलेक्ट्रिक व्हॅन दहा दिवस उभ्या होत्या. उभ्या करताना मुख्य बॅटरी ६० टक्के होती. आता त्यातल्या चार गाड्यांची दारंसुद्धा रिमोटने उघडत नाहीत. पॅक गेला म्हणायचा का?

पॅकला दोष देण्याआधी १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला मीटर लावा. मुख्य पॅक आणि बाकीची गाडी यांच्यामध्ये काँटॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की ओढून जोडले जाणारे मोठे स्विच, असतात आणि त्यांची कॉइल या छोट्या बॅटरीवर चालते. ती बसली की काँटॅक्टर ओढत नाहीत. ते ओढले नाहीत की डीसी-डीसी कन्व्हर्टरला (मोठ्या पॅकचं व्होल्टेज १२ च्या पातळीवर उतरवणाऱ्या भागाला) पुरवठा नाही, आणि छोटी बॅटरी भरणारा तर तोच! तिजोरी भरलेली आणि किल्ली तिजोरीतच, अशी गत.

ताफ्याच्या गाड्यांना हा त्रास जास्त होतो, कारण त्यांत जीपीएस ट्रॅकर, कॅमेरा, कधी फ्रीजचा सेन्सर अशी मागून बसवलेली उपकरणं असतात आणि बसवणारा सोयीचं म्हणून ती थेट बॅटरीला जोडतो. ट्रॅकर आणि कॅमेरा मिळून ८० मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला जवळपास २ अँपिअर-तास जातात. दहा दिवसांत १९. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल तर निम्म्याहून जास्त संपली, आणि ती तीन वर्षं जुनी असेल तर मुळात ३५ उरलेलेच नसतात. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली गेली की भरवसा नाही. काही गाड्या उभ्या असतानाही मोठ्या पॅकमधून छोटी बॅटरी अधूनमधून भरून घेतात, पण तिथेही मर्यादा असतेच.

गळती शोधायची पद्धत अशी. बॉनेट उघडून त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला बॉनेट लागलं असं वाटेल. किल्ली लांब ठेवा. मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर ऋण केबलवर अडकवा आणि ३० ते ४५ मिनिटं गाडीला हात लावू नका. सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) झोपायला तेवढा वेळ लागतो. नंतर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर बहुतेक गाड्यांत तो ठीक. जास्त दिसला तर फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज परत लावताना मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा पाऊण तास थांबावं लागतं. त्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप मिलिव्होल्टमध्ये मोजा. जिथे आकडा दिसेल त्या सर्किटमधून करंट वाहतोय. मात्र थेट बॅटरीला जोडलेलं उपकरण फ्यूजबॉक्समध्ये सापडणार नाही. त्याची वायर शोधून क्लॅम्प तिच्यावरच लावा.

ट्रॅकर सापडला तर तो स्लीप मोडला जातो का ते तपासा, नाहीतर त्याचा पुरवठा इग्निशनमागून घ्या. त्या चार गाड्या बाहेरच्या १२ व्होल्टच्या बूस्टरने जाग्या करा. ‘रेडी’ लागल्यावर छोट्या बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर मग कन्व्हर्टरकडे वळा. आणि या व्हॅनवरून दुसऱ्याचा डिझेल ट्रक जंपने चालू करून द्यायचा उपकार कोणावर करू नका. स्टार्टरचा झटका पेलण्यासाठी तो कन्व्हर्टर बनवलेलाच नाही.

प्रश्न : गाडी धुतली की ‘इन्सुलेशन फॉल्ट’चा दिवा लागतो, दुपारपर्यंत आपोआप जातो. ड्रायव्हर म्हणतात, चालतंय की. चालवू द्यावं का?

नाही. दिवा गेला म्हणजे पाणी सुकलं, मोठ्या पॅकची वीज चॅसिसकडे गळायची वाट बुजली नाही.

एसी आणि डीसी भाग एकमेकांना जोडलेल्या यंत्रणेसाठी दर व्होल्टमागे किमान ५०० ओहम इन्सुलेशन लागतं, म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीत २०० किलोओहम. धडधाकट गाडी याच्या कितीतरी वर, मेगाओहमांत असते. दिवा लागला याचा अर्थ आकडा खूपच घसरला.

फॉल्ट नेमका केव्हा येतो ते आधी लिहून काढा. फक्त चार्जिंगला लावल्यावर येत असेल तर संशय चार्जिंग सॉकेट आणि ऑनबोर्ड (गाडीतच बसवलेल्या) चार्जरवर. गाडीतला गारव्याचा एसी लावल्यावरच येत असेल तर कॉम्प्रेसरवर. यात एक गोम आहे. विजेवरच्या बहुतेक कॉम्प्रेसरना पीओई नावाचं, वीज सहसा वाहू न देणारं तेल लागतं. साध्या गाड्यांच्या पीएजी तेलाने भरलेल्या मशीनच्या पाइपमधून थोडं जरी पीएजी आत गेलं तरी कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन पडतं. गेल्या काही महिन्यांत बाहेर कुठे गॅस भरून घेतला का, हे विचारा. तुमच्या बाबतीत मात्र दिवा धुण्याशी बांधलेला आहे, तेव्हा गाडीखालच्या नारिंगी केबलचे कनेक्टर पाहा. सील दुमडलेलं, कनेक्टरचं लॉक अर्धवट बसलेलं, पिनांवर हिरवट थर, यांपैकी काहीतरी सापडेलच. प्रेशर वॉशरचा झोत थेट कनेक्टरवर मारणं त्याच दिवशी बंद करा.

पुढचं काम उच्च दाब (व्होल्टेज) तोडल्यावरच. गाडी बंद करून किल्ली कुलपात, १२ व्होल्टची ऋण तार काढा, सर्व्हिस प्लग (पॅकची जोडणी तोडणारा) काढून तोही कुलपात ठेवा आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. बहुधा ५ ते १० मिनिटं असतात. इन्व्हर्टरमधले (पॅकची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या भागातले) कपॅसिटर रिकामे व्हायला ती लागतात. हातात क्लास ० चे रबरी मोजे, वर चामड्याचे. रबरी मोजा घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडा आणि गालाजवळ धरा. भोक असेल तर वारा लागतो. मग एकेक कनेक्टर सोडवून त्या भागाचं इन्सुलेशन चॅसिसच्या तुलनेत मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) मोजा. मेगर पॅकच्या बाजूला कधीही लावायचा नाही, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) जाईल. इन्व्हर्टर, चार्जर यांच्यावरही पुस्तिका परवानगी देत असेल तरच आणि ती सांगेल तेवढ्याच व्होल्टवर.

प्रश्न : आमच्या तीनचाकी मालवाहू गाड्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच्या आहेत. बॅटरी टिकावी म्हणून रोज ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो. आता मीटर १८ टक्के दाखवत असतानाच गाडी बसते.

८० टक्क्यांचा सल्ला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीचा, तो तुम्ही एलएफपीला लावलात. एलएफपी सेलचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास अडून राहतो, त्यामुळे बीएमएसला व्होल्टेजवरून टक्के ओळखता येत नाहीत. ती आत-बाहेर जाणारा करंट मोजत बसते आणि रोजची बारीक चूक साठत जाते. हिशेब जुळवायची खरी जागा वरच्या टोकाला, १०० टक्क्यांपाशी. सेलचं बॅलन्सिंगही (सगळे सेल एका पातळीवर आणणं) बहुतेक पॅकमध्ये तिथेच होतं.

पुस्तिकेत वेगळं काही नसेल तर आठवड्यातून एकदा हळू चार्जरवर १०० टक्के भरा आणि भरल्यावरही तासदोन तास गन लावलेलीच ठेवा. तीन-चार वेळा असं करूनही गाडी १८ वर बसली तर स्कॅनरवर सेलनिहाय व्होल्टेज पाहा, तेही बॅटरी उतरत आलेली असताना. मधल्या पट्ट्यात सगळे सेल सारखेच शहाणे दिसतात. बाकीचे ३.१ वर आणि एकच २.८ वर घसरलेला दिसला तर तो सेल कमजोर आहे. त्याला चार्जिंगची शिस्त वाचवणार नाही, वॉरंटीचा दावा करा.

प्रश्न : वीस व्हॅनना रात्री चार्ज करायला ७.४ किलोवॅटचे वीस चार्जर घेतोय. १४८ किलोवॅटचा लोड मागावा का?

आधी गाड्या रोज किती वीज खातात ते पाहा. समजा एक व्हॅन ९० किलोमीटर धावते आणि किलोमीटरला ०.२२ युनिट घेते; म्हणजे २० युनिट. वीस गाड्यांचे ४००, चार्जिंगमधली घट धरून ४४०. गाड्या ९ तास उभ्या असतील तर सरासरी ४९ किलोवॅट पुरतात. लोड मॅनेजमेंट (उपलब्ध वीज गाड्यांत वाटून देणारी सोय) असलेले चार्जर घेतले तर ६० ते ७० किलोवॅटमध्ये निभतं. नाही घेतले तर सगळे ड्रायव्हर संध्याकाळी एकाच वेळी गन लावणार आणि ब्रेकर पडणार. प्रत्येक पॉइंटला वेगळा आरसीडी (गळती दिसताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, टाइप बी. किंवा चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय असेल तर टाइप ए चालतो. डीसी गळतीने साधा आरसीडी आंधळा होतो.

प्रश्न : सहा मेकॅनिक, चाळीस ड्रायव्हर. प्रशिक्षण कोणाला, किती?

गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे धुणारे आणि रात्रीचा पहारेकरीसुद्धा, अर्ध्या दिवसाचं. नारिंगी केबल म्हणजे काय, मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून गाडी का ओढायची नाही (मोटर फिरली की वीज तयार करते), पॅकमधून धूर किंवा फुसफुस आली तर काय. उत्तर : लांब व्हा, इतरांना लांब करा, अग्निशमन दलाला ‘इलेक्ट्रिक गाडी’ असं स्पष्ट सांगा. सहाही मेकॅनिकना उच्च दाब तोडणं आणि तो तुटल्याची खात्री करणं आलं पाहिजे. पॅक उघडण्याचं शिक्षण एकदोघांनाच, किंवा कोणालाच नको. ते काम बाहेर पाठवणं जास्त शहाणपणाचं.

परीक्षा कागदावर घेऊ नका. गाडीपाशी उभं करा आणि मीटर कसा वापरतो ते पाहा. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या स्रोतावर, मग गाडीच्या टर्मिनलवर, मग पुन्हा त्याच स्रोतावर. तिसरी पायरी विसरणारा नापास. मधे मीटरच मेला असेल तरी शून्यच दिसतं.

प्रश्न : ब्रेक पॅड निम्मेसुद्धा झिजले नाहीत, तरी गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते.

झिजले नाहीत हाच रोग. रिजनमुळे (मोटरनेच गाडी मंदावून वीज परत घेण्यामुळे) ब्रेक कमी लागतो, डिस्क गंजते आणि कॅलिपरच्या स्लाइड पिना अडकतात. वर्षातून एकदा पिना काढून पुसा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. रबरी बूट फाटले असतील तर बदला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ड्रायव्हरना आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे पाहून, रिजन कमीत कमी ठेवून चार-पाच वेळा ठाम ब्रेक मारायला सांगा.