ऑलिंपिक पहिल्यांदाच बघतोयस ना? मग एकच खेळ धर

सगळंच बघायला जाऊ नकोस, चॅनल बदलण्यातच दिवस जाईल. एक खेळ निवड आणि त्याची फायनल पहिल्यापासून बघ. माझं ऐकशील तर नेमबाजी. लोकांना ती कंटाळवाणी वाटते, पण १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकमधल्या रायफलच्या फायनलच्या वेळी, ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरात कुणी जागचं हललं नव्हतं. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये आधी गुडघ्यावर बसून, मग झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरतात. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण. त्या दिवशी उभ्याच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक गोळीनंतर एक जण बाहेर! आपल्या कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मागून वर आला, ४५१.४ गुणांवर कांस्य. आई देवापुढे साखर ठेवून आली.



२०२८ चं लॉस एंजेलिस आपल्या साडेबारा तास मागे असेल, म्हणजे तिथल्या संध्याकाळच्या फायनल इथे सकाळी. ठाण्याहून आठची लोकल पकडत असशील तर रजा आत्ताच ठरव. आणि एखादी सकाळ आमच्याकडे ये, पोहे करतो.