हौशी सुतारकामासाठी ४० हजारांच्या आत कोणता टेबल सॉ घ्यावा?

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड सरकवून चिरायचं मशीन. तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं: बजेट ४० हजार, जागा घरामागच्या पार्किंगमधली, करायची आहेत पुस्तकांची कपाटं, स्टूल, ट्रे, फ्रेमा. आणि ओळखीचा सुतार म्हणतोय, "कशाला एवढे घालवता, मार्बल कटर उलटा लावून टेबल करून देतो."

या शेवटच्या गोष्टीचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळ्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. कृपा करून तसं टेबल करून घेऊ नका.

आपल्याकडे जवळपास प्रत्येक फर्निचरच्या साइटवर हे जुगाड दिसतं. प्लायच्या टेबलाला खाच पाडायची, खालून चार इंची कटर आवळायचा, गार्ड काढून टाकायचं आणि स्विच दाबलेल्या अवस्थेत बांधून ठेवायचा. त्यावर पट्ट्या निघतात, हे खरं आहे. पण ते मशीन फरशी कापायला, हातात धरून चालवायला बनवलेलं असतं. मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे, म्हणजे ११० मिमीच्या पात्याच्या दाताचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात. १० इंची टेबल सॉचं पातं ४००० फेऱ्यांना ताशी १९० किलोमीटरपर्यंत जातं. म्हणजे लहान दिसणारं ते मशीनच जास्त वेगाने फिरत असतं. त्यात पात्यावर झाकण नाही, पात्यामागे काही नाही, अडचण आली तर झटकन दाबायला बटण नाही आणि काप मिळतो जेमतेम ३० मिमी खोल. रोज आठ तास तेच करणाऱ्या कारागिराच्या हाताला जी सवय असते, ती रविवारी दोन तास काम करणाऱ्या आपल्याला कधीच येत नाही.

टेबल सॉ घेताना बहुतेक जण वॅट आणि पात्याचा आकार बघतात. मी पात्याच्या मागे काय आहे आणि बाजूला काय आहे ते आधी बघते. मागे राइव्हिंग नाइफ, बाजूला फेन्स, म्हणजे जिला टेकवून फळी पुढे सरकवायची ती पट्टी. स्वस्त मशीन बरं की वाईट हे या दोन गोष्टींवर ठरतं.

राइव्हिंग नाइफ म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असलेली वक्र पोलादी पट्टी. ती का हवी हे नीट समजून घ्या. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबत कापतात, मागचे दात खालून वर येत असतात. काप पात्यापुढे गेल्यावर लाकडाच्या आतला ताण मोकळा होतो आणि चिरलेले दोन भाग पुन्हा एकमेकांकडे मिटू लागतात. कधी फळी थोडी तिरकी होऊन फेन्सपासून सुटते. दोन्ही वेळा लाकूड मागच्या दातांवर चढतं, आणि दात ते उचलून थेट तुमच्या पोटाच्या दिशेने भिरकावतात. याला किकबॅक म्हणतात. फळी लागते ती वेगळीच. तिच्यावर टेकवलेला हात त्या क्षणी पात्याकडे ओढला जातो, हा त्याहून मोठा धोका. मागची पट्टी काप उघडा ठेवते आणि लाकडाला मागच्या दातांपर्यंत पोचूच देत नाही. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या कापापेक्षा किंचित बारीक असावी लागते, म्हणून पातं बदलताना त्या पट्टीवर लिहिलेली जाडी वाचायची. पट्टी पात्याबरोबर वरखाली होणारी हवी. काही अगदी स्वस्त, नाव नसलेल्या मशीनवर ती एकाच उंचीवर बसवलेली असते; खाच पाडायची वेळ आली की लोक ती काढतात आणि पुन्हा कधीच बसवत नाहीत.

फेन्स पात्याला समांतर राहिली पाहिजे. हे दुकानात दोन मिनिटांत तपासता येतं. फेन्स कुठेही आवळा आणि मागच्या टोकाला अंगठ्याने बाजूला ढकलून बघा. टोक हललं तर ते मशीन बाजूला ठेवा, मग त्यावर कितीही सूट असो. पुढच्या तपासणीसाठी गुण्या, म्हणजे काटकोनी मोजपट्टी, सोबत न्या. पात्याच्या एका दातावर पेनने खूण करा, टेबलावरच्या खाचेपासून त्याच दाताचं अंतर पुढे मोजा, पातं हाताने मागे फिरवून पुन्हा मोजा. अर्थात प्लग काढलेला असताना. दोन मापांत डोळ्याला दिसण्याइतका फरक असेल तर ते जुळवायला स्क्रू दिलेत का, हे दुकानदाराला विचारा. काही मशीनवर ते नसतात. दुकानदार कुरकुर करतो, करू द्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत मशीन हाताळून बघू देणारी दुकानं सापडतात. म्हणूनच ऑनलाइन पाचशे-हजार कमी पडत असले तरी पहिलं मशीन मी समोर बघूनच घ्यायला सांगते.

आता नावं. बॉशचा जीटीएस १० जे हा २५४ मिमी पात्याचा, १८०० वॅटचा, २६ किलोचा सॉ. ९० अंशात तो ७९ मिमी जाड लाकूड कापतो, म्हणजे तीन इंची चौकट आरामात. मकिताचा एमएलटी १०० हा २६० मिमीचा, १५०० वॅटचा. वॅट कमी वाटले तरी खोली ९३ मिमी मिळते, आणि वजनाने जड असल्यामुळे तो जागेवर बसून राहतो. डिवॉल्टच्या डीडब्ल्यूई ७४८५ चं पातं लहान, २१० मिमीचं, मोटर १८५० वॅटची. याची फेन्स दातेरी पट्टीवर चालते. एक चाक फिरवलं की दोन्ही टोकं एकत्र सरकतात, त्यामुळे ती समांतर राहते. तुमच्या यादीतलं काम बघता मला हाच सगळ्यात पटतो. २१० मिमीचं पातं ६५ मिमीच्या आसपास खोल जातं, आणि ट्रे-फ्रेमा-कपाटांना त्याहून जाड लाकूड लागत नाही. मोठ्या पात्याचा हव्यास सोडला तर त्याच पैशात फेन्स चांगली मिळते. भाव आणि उपलब्धता सतत बदलतात. तुम्ही घ्यायला जाल त्या दिवशी जो बजेटमध्ये बसेल आणि फेन्सच्या परीक्षेत उतरेल तो घ्या.

पण सगळे ४० हजार मशीनवर घालू नका. तीनेक हजार चांगल्या पात्यासाठी बाजूला काढा, कारण मशीनसोबत आलेलं पातं बहुतेक वेळा कामचलाऊ असतं. सागवान, शिसम रेषेत उभं चिरायला २४ दातांचं पातं घ्या. दात कमी, त्यामुळे भुसा बाहेर पडायला जागा मिळते आणि लाकूड जळत नाही. प्लाय आणि आडव्या कापांना ६० दातांचं. दोन्ही परवडत नसतील तर ४० दातांचं एकच घेऊन सुरुवात करा. घेताना मधल्या भोकाचं माप नक्की विचारा. बाजारात ३० मिमी आणि २५.४ मिमी दोन्ही मिळतात, आणि "बसेल हो" या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादाही मशीनपेक्षा जास्त हवी.

जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर सोनंच, मी तेच शोधत असते. मात्र त्यात डोकं तुटलेले खिळे लपलेले असतात. आधी लोहचुंबक फिरवा, मग रंधा, मग सॉ.

प्लायच्या ८ बाय ४ च्या शीटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण कपाटं म्हटली की शीट आलीच. एवढं मोठं शीट छोट्या टेबल सॉवर एकट्याने ढकलायला जाऊ नका. ते लोंबतं, तिरकं होतं, आणि वर सांगितलेला सगळा प्रकार तिथेच घडतो. जमिनीवर थर्माकोलची शीट टाकून त्यावर प्लाय ठेवा, सरळ पट्टी क्लॅम्पने आवळा आणि हातातल्या सर्क्युलर सॉने तुकडे पाडा. किंवा प्लायच्या दुकानदाराला विचारा. बरेच जण पॅनल सॉ (अख्खी शीट चिरणारं मोठं मशीन) असलेल्या वर्कशॉपमधून मापाचे तुकडे करून देतात. खरं तर तुमचं बहुतेक काम प्लायचंच असणार असेल, तर पहिली खरेदी सर्क्युलर सॉ आणि गाइड हीच करा, टेबल सॉ वर्षभराने घ्या. टेबल सॉचं खरं मोल एकाच रुंदीच्या वीस पट्ट्या काढताना आणि जाड लाकूड चिरताना कळतं.

विजेचं बघून घ्या. १८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ८ अँपिअर, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरेच जास्त. मोबाइल चार्जरवाल्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर हे चालवायचं नाही. १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट पार्किंगमध्ये काढून घ्या. एक्स्टेन्शन लागलीच तर २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरची. लाइट जाऊन परत आल्यावर मशीन आपोआप सुरू न होणारा स्विच आहे का, हेही आवर्जून विचारा. आपल्याकडे लाइट कधीही जाते, आणि लाइट आली तेव्हा तुम्ही पातं पुसत असाल.

"बोट लागताच थांबणारा सॉ मिळतो का?" हेही तुम्ही विचारलं होतं. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये ते तंत्र शोधलं, त्यातून सॉस्टॉप कंपनी निघाली. पात्यात सोडलेला हलका विद्युत संकेत त्वचा लागताच बदलतो आणि अॅल्युमिनिअमचा ठोकळा पात्यात घुसून ५ मिलिसेकंदांच्या आत ते थांबवतो. तंत्र अप्रतिम आहे, पण त्यांचा सगळ्यात छोटा सॉसुद्धा अमेरिकेत ९०० डॉलरच्या घरात आला होता, म्हणजे आपल्या बजेटच्या बाहेर. आपल्यासाठी पुश स्टिक, म्हणजे हाताऐवजी लाकूड पुढे ढकलायची काठी, हाच उपाय. मशीनसोबत येते ती वापराच, शिवाय १२ मिमी प्लायच्या आणखी दोन-तीन कापून ठेवा. फेन्स आणि पातं यांच्यात वीतभरही जागा नसेल तर हात त्या बाजूला न्यायचाच नाही. हातमोजे घालायचे नाहीत, पातं हातमोजा पकडून हात आत ओढतं. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या, बांगड्या, सगळं आवरून मगच स्विच. आणि पात्याच्या रेषेत उभं न राहता थोडं डावीकडे उभं राहायचं.

कानाला मफ लावा, ही मशीन १०० डेसिबलच्या आसपास ओरडतात. शेजाऱ्यांशी वेळही ठरवून घ्या. नाकाला एन ९५ मास्क लावा. लाकडाचा बारीक भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला आहे, आणि सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाजही सुटते. मशीनच्या मागच्या तोंडाला व्हॅक्यूम जोडलात तर बराचसा भुसा तिथेच अडतो.

सेकंडहँडचा विचार असेल तर टिंबर मार्केटच्या आसपास बिडाच्या टेबलाची जुनी रंधा-कटर मशीन निघतात. टेबल सपाट, मोटर दणकट, किंमत कमी. पण त्यांना राइव्हिंग नाइफ बहुधा नसतो, आणि ते हलवायला चार माणसं लागतात. जवळच्या फॅब्रिकेटरकडून पट्टी बनवून पात्यामागे बसवून घेता येत असेल तरच त्यात पडा.

घरी आणल्यावर आधी मशीन चौकटीला किंवा जड टेबलाला बोल्टने आवळा. पहिले काप पाइनच्या टाकाऊ फळ्यांवर घ्या, गुण्या लावून ९० अंश बघा, फेन्सची मोजपट्टी प्रत्यक्ष कापाशी ताडून घ्या. ती अर्धा सूत जरी इकडेतिकडे असेल तर सागाला हात लावण्याआधी दुरुस्त करा.