कम्युनिस्ट पोलंडमध्ये सेन्सॉर असूनही तिथली पोस्टर्स जगभर का गाजली?

सरकारच मालक, सरकारच गिऱ्हाईक आणि वर सरकारचाच सेन्सॉर, मग पोलंडच्या चित्रकारांनी एवढी मोकळी पोस्टर्स केली कशी, असं तुम्ही विचारलंय. मी कमर्शियल आर्ट शिकत होतो तेव्हा हाच प्रश्न मलाही पडला होता. आमच्या लायब्ररीत 'ग्राफिस' या स्विस मासिकाचे जुने अंक कुलपात असायचे. हात धुऊन आलात तरच बघायला मिळत. त्यात एकदा यान लेनित्सा या पोलिश चित्रकाराने केलेलं 'वोत्सेक' या ऑपेराचं पोस्टर दिसलं. लाल लाटांवर लाटा, त्यातूनच झालेला चेहरा आणि मधोमध उघडं तोंड. ऑपेरा कशाशी खातात हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ती किंकाळी मात्र ऐकू आली.

माझं उत्तर जरा उफराटं वाटेल. गिऱ्हाईक सरकार होतं म्हणूनच हे जमलं.

आपल्याकडच्या सिनेमाच्या पोस्टरचं बघा. पैसा निर्मात्याचा, त्यामुळे हिरोचा चेहरा केवढा हवा हे तोच सांगणार. पोलंडमध्ये युद्धानंतर सिनेमाचा सगळा धंदा सरकारी झाला. करमणुकीची साधनं थोडी, त्यामुळे पोस्टर कसंही असलं तरी लोक थिएटरात जाणारच. 'याने तिकिटं खपतील का?' असं विचारणारा माणूसच उरला नाही. १९४६ च्या सुमारास 'फिल्म पोल्स्की' या सरकारी कंपनीने हेन्रिक तोमाशेव्स्की, एरिक लिपिन्स्की वगैरे चित्रकार मंडळींना बोलावलं. नटनट्यांचे चेहरे जुन्या पद्धतीने रंगवणार नाही, आमच्या मनाने करू, या अटीवर ते तयार झाले. १९४८ मध्ये व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय सिनेपोस्टर प्रदर्शनात एकट्या तोमाशेव्स्कीने पाच पहिली बक्षिसं मारली.

टंचाईचाही हात होताच. कागद भिकार, छपाई यथातथा, टाइपांची बोंब. मग अक्षरंसुद्धा ब्रशने काढा, नाहीतर कात्रीने कापा. आज ज्याला आपण 'पोलिश शैली' म्हणून डोक्यावर घेतो, त्यातलं बरंच या अडचणीतून आलेलं आहे.

पण सगळं गोडगोड होतं असं समजू नका. १९४९ नंतर काही वर्षं समाजवादी वास्तववादाचा, म्हणजे कलेने पक्षाला हवं तेच दाखवायचं या सरकारी धोरणाचा, वरवंटा फिरला. छापायच्या प्रत्येक गोष्टीवर वॉर्सातल्या सेन्सॉर कचेरीचा शिक्का लागे. ती कचेरी ज्या रस्त्यावर होती त्याचं नाव 'मिशा' (आपल्या मिशा नव्हेत, पोलिशमध्ये त्याचा संबंध उंदराशी आहे). १९५६ मध्ये राजकीय वारं जरा मऊ झालं आणि मग खरा बहर आला. सिनेमा, नाटक, सर्कस यांची पोस्टर्स सरकारला राजकारणाच्या मानाने किरकोळ वाटत, तेवढ्या फटीतून चित्रकार निसटले. माचेई उर्बान्येत्सने १९७० मध्ये सर्कशीसाठी चक्क मोनालिसाला कसरत करायला लावली!

आता परदेशांशी झालेल्या देवाणघेवाणीबद्दल. या पोस्टर्सनी परदेशात नाव काढलंय हे सरकारच्या लक्षात आलं आणि ते त्याला सोयीचंच होतं. 'बघा, आमच्याकडे कलेला किती वाव आहे', असं त्याला मिरवता येई. १९६६ मध्ये वॉर्सात आंतरराष्ट्रीय पोस्टर द्वैवार्षिकी, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन, सुरू झाली. पूर्व-पश्चिम दोन्हीकडचे चित्रकार एकाच भिंतीवर आले. लेनित्साच्या त्याच 'वोत्सेक'ला पहिल्या वर्षी सुवर्णपदक मिळालं. १९६८ मध्ये वॉर्सातल्याच विलानूव राजवाड्याच्या आवारात, जुन्या घोडेस्वारीच्या शाळेच्या जागी पोस्टर म्युझियम उघडलं. जगातलं अशा प्रकारचं ते पहिलं.

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो तोमाशेव्स्कीचा वर्ग. वॉर्साच्या कला अकादमीत त्याच्या हाताखाली शिकायला फ्रान्सहून पोरं येत. त्यातल्याच पिएर बेर्नारने पुढे मित्रांबरोबर पॅरिसमध्ये 'ग्राप्यूस' हा गट काढला. गंमत अशी की हे ग्राप्यूसवाले स्वतः फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचे. कम्युनिस्ट देशात जाऊन ते घोषणा न देणारं पोस्टर कसं करायचं हे शिकून आले.

उलट दिशेची वाट मात्र अरुंद होती. पोलिश माणसाचा पासपोर्ट घरी नसे, तो सरकारकडे जमा. प्रवासाला मागून घ्यायचा, परतल्यावर देऊन टाकायचा. रोमान चेश्लेविच हा पोस्टर-चित्रकार १९६३ मध्ये पॅरिसला गेला तो तिथलाच झाला. लेनित्साही बाहेर पडला. गुंडाळीतलं पोस्टर सीमा सहज ओलांडे, पोस्टर काढणाऱ्याचं तसं नव्हतं.

शेवट कसा झाला तेही सांगतो. ४ जून १९८९ च्या निवडणुकीत 'सॉलिडॅरिटी' या सरकारविरोधी कामगार चळवळीने एक पोस्टर लावलं. तोमाश सार्नेत्स्की या तरुणाने 'हाय नून' या अमेरिकन सिनेमातला नट गॅरी कूपर घेतला, त्याच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका दिली आणि मागे सॉलिडॅरिटीची लाल अक्षरं टाकली. सरकारी उमेदवार सपाटून हरले. त्यानंतर बाजार खुला झाला, परदेशी वितरक आपली तयार पोस्टर्स घेऊन आले आणि पोलंडमध्येही हिरोचा चेहरा मोठा झाला.