निवृत्तीचे पैसे हाती आलेत? आधी एवढं करा

गुंतवणुकीचं नंतर बघू, आधी खर्च लिहून काढा. गेल्या १२ महिन्यांची बँक स्टेटमेंट समोर घ्या. विम्याचा हप्ता, घराची डागडुजी असे वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे मांडा. नवखे नेमके हेच विसरतात. एकूण खर्चातून पेन्शन वजा केली की उरते ती तुमची खरी गरज.

त्या गरजेचे २ वर्षांचे पैसे ठेवीत ठेवा. पडत्या बाजारात घरखर्चासाठी म्युच्युअल फंडाची युनिट (फंडातले तुमचे हिस्से) विकलीत, तर बाजार सावरल्यावर ती परत येत नाहीत.

पण भीतीपोटी सगळंच ठेवीत टाकू नका. महागाई ६ टक्के धरली तरी १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो.

आणि हो, प्रत्येक खात्यावरचा नॉमिनी याच आठवड्यात तपासा.