घरामागच्या जुन्या कोब्यावर कमी उंचीचा लाकडी डेक करायचा आहे. कोबा फोडावा लागेल का? लाकूड कोणतं घ्यावं?

कोबा फोडू नका. मागल्या दाराबाहेर १२ बाय १० फुटांची जागा, दोन-तीन बारीक भेगा, उंबऱ्यापर्यंत ५ इंच उंची, कोपऱ्यात चेंबरचं झाकण आणि गाव चिपळूणजवळ, एवढं तुम्ही लिहिलं आहे. त्यावरून कोबा कामाचा दिसतो. डेकला जो पाया लागतो तो तुमच्याकडे आयता आहे. भेगेची एक कड वर आणि दुसरी खाली असेल, किंवा खालून झाडाचं मूळ उचलत असेल, तरच तेवढा भाग काढून नीट करा. केसाएवढ्या भेगा सिमेंटच्या पातळ घोळाने भरल्या की झालं.

मी रत्नागिरीजवळ राहतो आणि याच कामात एकदा चांगलाच फसलो आहे. आईच्या खोलीमागे पहिला डेक आम्ही गावातल्या एका सुताराकडून करून घेतला. लाकूड सागाचं, काम सुबक, वरून तेलपाणी. तिसऱ्या पावसाळ्यानंतर चालताना एका जागी फळी दबायला लागली. ती उचलली. वरची बाजू ठणठणीत होती, खालची बाजूही बरी होती. पण फळ्यांखालचा वासा थेट कोब्यावर टेकवलेला होता, आणि त्याची खालची बाजू काळी, ओली, पिठासारखी झाली होती. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर नुसत्या हाताच्या दाबाने दीड इंच आत गेला. त्याच वाशाचा जो तुकडा कोब्यातल्या एका खड्ड्यावरून गेला होता, म्हणजे जिथे खाली मोकळी जागा राहिली होती, तो मात्र खणखणीत! एकाच लाकडाची दोन रूपं वीतभर अंतरावर. त्या दिवसापासून मला कोणी डेकबद्दल विचारलं की मी आधी हेच सांगतो: लाकूड कोब्याला टेकू देऊ नका.

पावसाने लाकूड भिजतं म्हणून ते कुजत नाही, ते वाळायला जागा मिळत नाही म्हणून कुजतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला त्यात जगता येत नाही. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर लाकूड ओलं राहणारच. पण मधल्या दोन उघडिपींत वारा खालून फिरला तर ते सावरतं. कोबा पाणी शोषतो आणि हळूहळू सोडतो. त्याला चिकटलेलं लाकूड दिवाळीपर्यंत ओलं राहतं. काहीजण कोब्यावर प्लास्टिक किंवा ताडपत्री अंथरून त्यावर डेक करा म्हणून सांगतात. ते अजिबात करू नका. पाणी प्लास्टिकच्या वर साठतं आणि लाकूड त्यात बसून राहतं.

म्हणून सुतार बोलवायच्या आधी एक काम करा. कोबा झाडून घ्या, घराकडच्या बाजूला चार-पाच बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने खडू घेऊन बाहेर या. जिथे जिथे पाणी साचून राहिलं असेल त्याच्याभोवती खडूची रेघ मारा. ढाळ घरापासून बाहेरच्या बाजूला हवा, आठ फुटांना निदान एक इंच. पाणी घराकडे येत असेल तर डेकचा विचार तूर्त बाजूला ठेवून गवंड्याकडून आधी तो ढाळ दुरुस्त करून घ्या, कारण डेक झाल्यावर ते पाणी दिसणार नाही आणि जोत्यात मुरत राहील. खडूने आखलेले छोटे खड्डे सिमेंटने भरून घेतले की पुरे.

आता वाशांची दिशा. वासे घरापासून बाहेरच्या दिशेने, म्हणजे ढाळाच्या बाजूने टाका. आडवे टाकले की प्रत्येक वासा म्हणजे एक छोटा बांध होतो आणि त्यामागे पाणी, पाला, माती अडते. आमच्या पहिल्या डेकमध्ये ही चूकही होती. वासे बाहेरच्या दिशेने गेले की फळ्या आपोआप घराला समांतर येतात.

वाशांना ३ बाय २ इंच पुरतं, आडवे झोपवून, म्हणजे उंची २ इंच. कौलारू छपराला लागतात साधारण त्याच मापाचे. जुनं घर उतरवलेलं कुठे असेल तर तिथले सागाचे वासे बघा. पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड वखारीतल्या नव्या लाकडापेक्षा कितीतरी शांत असतं, वाकत नाही. फक्त खिळे शोधून काढा, नाहीतर करवतीचं पातं जाईल. प्रत्येक वाशाखाली दर दोन फुटांवर कडप्प्याचा तुकडा ठेवायचा. फरशीवाल्याकडे असे तुकडे पडलेलेच असतात. तुकडा वाशापेक्षा अर्धा इंच अरुंद हवा. रुंद असला तर त्याच्या बाहेर आलेल्या कडेवर पाणी थांबतं आणि वाशात चढतं. खालच्या बाजूला ढाळामुळे उंची कमी पडेल तिथे दोन-तीन तुकडे टाइलच्या ॲडहेसिव्हने एकावर एक चिकटवा. लाकडाच्या पाचरी मारून लेव्हल करू नका, पहिल्यांदा त्याच कुजतात. लेव्हल पाहायला पाण्याची नळी आणि दोरी पुरते.

तुमच्या उंचीत हे सगळं बसतं का ते पाहू. कडप्पा ६ सूत (८ सूत म्हणजे १ इंच), वासा २ इंच, रंधलेली फळी ७ सूत, मिळून ३ इंच ५ सूत. उंबऱ्याच्या खाली १ इंच ३ सूत उरतात. तेवढे ठेवाच. डेक उंबऱ्याच्या बरोबरीने आणायचा मोह होतो, चालायला छान वाटतं, पण आपल्याकडच्या तिरक्या पावसात पाणी सरळ घरात येतं. भिंतीपासूनही पाऊण इंच मोकळं सोडा. डेक भिंतीला चिकटला तर जोत्यावरची ओल वर चढायला वाट मिळते.

वाशांमधलं अंतर किती ठेवायचं हे फळीच्या लांबीवरून ठरवा. बारा फुटी सरळ फळी मिळणं कठीण आणि महाग. सहा फुटी सहज मिळते. तेव्हा १२ फुटांत ११ वासे टाका, म्हणजे दोन वाशांच्या मध्यातलं अंतर साडेचौदा इंचांना थोडं कमी येतं आणि सहावा वासा बरोबर सहा फुटांवर, जोडाखाली येतो. तिथे शेजारी आणखी एक वासा जोडून टाका, म्हणजे दोन्ही फळ्यांच्या टोकांना भक्कम आधार मिळेल. एक सुताची फट टोकांमध्येही ठेवा.

हिशेबासाठी सांगतो. चार इंची फळी आणि मध्ये दोन सूत फट धरली तर १० फुटांत २८ रांगा बसतात. फळ्यांना साडेनऊ घनफुटांच्या आत-बाहेर, वाशांना पाच, आणि कापाकापीत जाणारं धरून १६ घनफूट लाकूड आणा. स्क्रू सातशेच्या आसपास लागतील. या आकड्यांनी दचकू नका, दोन माणसांचं चार-पाच दिवसांचं काम आहे. इतक्या लाकडाचं वजन अडीचशे किलोच्या घरात जातं, त्यामुळे कोब्यात ड्रिल मारून डेक जखडायचीही गरज नाही. तो स्वतःच्या वजनाने बसतो. (हीच गोष्ट गच्चीवर करणार असाल तर ड्रिल मारणं कटाक्षाने टाळा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक पाडलं की खालच्या खोलीत गळती ठरलेली.)

लाकडाचं विचारलंत. साग घेतलात तर गाभ्याचा घ्या. आपल्याकडे कोवळ्या झाडाचा साग पुष्कळ येतो, त्यात बाहेरचा पांढरा भाग जास्त असतो. तो पांढरा साग नावापुरताच साग, त्याला वाळवी आणि बुरशी दोन्ही लागतात. वखारीत फळीच्या कडा बघा, पिवळट पांढरा पट्टा दिसला तर ती बाजूला ठेवायला सांगा. वाशांना ऐन किंवा किंजळ चालेल, कोकणात घरांना पूर्वापार वापरलेलं लाकूड आहे, मजबूत आहे. ऐन मात्र वाळताना चिरतो आणि पिळतो, म्हणून चांगला वाळलेलाच घ्या. आंबा, नारळ, सिल्व्हर ओक उघड्यावर टाकू नका. तुमच्या स्वतःच्या परड्यात साग उभा असेल आणि तो तोडायचा विचार असेल तर आधी वनविभागाची परवानगी घ्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ तिन्ही आहेत. हल्ली डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या, फळ्या सगळीकडे दिसतात. कुजत नाहीत हे खरं, पण एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि वासे आणखी जवळ टाकावे लागतात. माझं मत लाकडाच्या बाजूने आहे.

फटीबद्दल एक बारकावा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. चार इंची सागाची फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात गेली की साधारण अर्धा सूत फुगते. मार्च-एप्रिलमध्ये काम केलंत तर लाकूड सगळ्यात कोरडं असतं, तेव्हा दोन सूत फट सोडा, जुलैत ती दीड सूत होईल. त्याहून कमी सोडली तर फटीत पानांचा चुरा अडकतो आणि पाणी खाली जायचं थांबतं. फट मोजत बसू नका, दोन सूत जाडीच्या प्लायच्या पट्ट्या कापून दोन फळ्यांमध्ये ठेवायच्या आणि काढून घ्यायच्या.

खिळे वापरू नका. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, ३०४ प्रतीचे. समुद्र जवळ असेल तर ३१६. लोखंडी स्क्रू गंजतोच, शिवाय त्याच्याभोवती लाकडावर निळसर काळे डाग पडतात, ते रंध्यानेही पूर्ण जात नाहीत. अडीच इंची स्क्रू, आधी बारीक भोक पाडून, आणि डोकं फळीच्या बरोबरीने. खोल बुडवलं की तिथे थेंबभर पाण्याची वाटी तयार होते, आणि असे सातशे थेंब.

कापलेलं टोक हे लाकडाचं तोंड आहे असं समजा. तिथून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने आत शिरतं. वाशांची टोकं आणि खालची बाजू यांना मी काजूच्या टरफलांचं तेल लावतो, आपल्याकडे होड्यांना लावतात तेच. काळं, चिकट आणि अंगावर पडलं तर भाजतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच हात लावा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. वरच्या फळ्यांना ते लावायचं नाही. वाशाच्या वरच्या अंगावर डांबरी पट्टी चिकटवली तर स्क्रूच्या भोकांतून जाणारं पाणी अडतं. स्वस्त वस्तू आहे, पण वाशाचं आयुष्य वाढवते.

वरून वार्निश नको. उन्हाने तडकतं आणि पापुद्र्याखाली पाणी अडकतं. वर्षातून एकदा, मे महिन्यात, डेकसाठीचं तेल लावा किंवा काहीच लावू नका. साग नुसता ठेवला तर एक-दोन वर्षांत राखाडी होतो, तो वरवरचा रंग आहे, लाकूड बिघडल्याचं लक्षण नाही. जवसाचं तेल वापरलंत तर ते पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा एकेक मोकळी वाळत घाला.

चेंबरचं झाकण डेकखाली गाडू नका. त्यावर दोन बाय दोन फुटांचा वेगळा तुकडा करा, खालून दोन रिपा मारून, नुसता ठेवलेला. जॅम झालेली लाइन पावसात उघडायची वेळ येते तेव्हा हा तुकडा दोन बोटांनी उचलता यायला हवा.

आणि शेवटी फुरसं. तुम्ही लिहिलंय की घरात लहान मुलं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. अडीच-तीन इंच उंच, अंधारी, कोरडी पोकळी म्हणजे फुरशाला हवी तशी जागा, आणि उंदीर शिरला की त्याच्या मागोमाग इतर सापही येतात. डेकच्या तिन्ही उघड्या बाजूंना, आणि भिंतीलगत सोडलेल्या फटीलाही, स्टेनलेसची जाळी स्क्रूने बसवा. भोकं दोन सुतांहून मोठी नकोत. फळी ठोकून बाजू पूर्ण बंद करू नका, वारा जाळीतूनच फिरायचा आहे. बाहेरच्या कडेच्या आणि भिंतीकडच्या दोन-दोन रांगा सहज काढता येतील अशा ठेवा. दरवर्षी मेच्या अखेरीस हातात जाड मोजे, पायात बूट आणि जवळ बॅटरी घेऊन त्या काढा, आधी काठी फिरवा, मग अडकलेला पाला पाण्याच्या धारेने ढाळाकडे सोडा. त्याच वेळी कडप्प्याच्या तुकड्यांकडे नीट पाहा. वाळवी जमिनीतून येते आणि भेगेतून वर चढताना तुकड्याच्या बाजूने पेन्सिलीएवढी मातीची नळी बांधते. ती दिसली तर नुसती मोडून थांबू नका, भेगेत औषध सोडणाऱ्या माणसाला बोलवा. वासा कोब्याला टेकलेला असता तर ही नळी दिसलीच नसती.